शिकारीचे टॅग, म्हणजे परवाने, कमी झाले, कारण पाडसं जगत नाहीत

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एक जुनी फुशारकी ऐकू येते: आमच्याकडे माणसांपेक्षा प्रॉन्गहॉर्न (माळावरचा हरणासारखा दिसणारा प्राणी) जास्त. या शतकाच्या पहिल्या दशकात ती अगदीच पोकळ नव्हती. राज्याची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती आणि प्रॉन्गहॉर्नही पाच लाखांच्या आसपास पोहोचले होते. पुढे माणसं थोडी वाढली, प्रॉन्गहॉर्न मात्र उतरत गेले. 2022-23 च्या हिवाळ्याने तर नैऋत्य वायोमिंगमधले कळपच्या कळप अर्धे केले. जगातले जवळपास निम्मे प्रॉन्गहॉर्न एकट्या या राज्यात राहतात, त्यामुळे इथली घसरण ही त्या प्राण्याचीच घसरण ठरते.

डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीहून गाडीने यलोस्टोनला गेलेल्या मराठी मंडळींनी हा प्राणी बहुधा पाहिलेला असतो. आय-80 महामार्गाच्या कडेला, राखाडी-हिरव्या झुडपांच्या सपाट माळावर, तांबूस-पांढऱ्या अंगाचं हरीण उभं असतं आणि गाडीतलं कुणीतरी म्हणतं, "काळवीट बघ!" चूक समजण्यासारखी आहे. अमेरिकन लोकही त्याला सर्रास अँटिलोप म्हणतात आणि शिकाऱ्यांच्या बोलीत तर तो 'स्पीड गोट' आहे. खरं तर तो हरीणही नाही, अँटिलोपही नाही आणि बोकडही नाही. त्याच्या कुळातल्या बाकी सगळ्या जाती नष्ट झाल्या, हा एकटा उरला. आज हयात असलेल्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे जिराफ आणि ओकापी. शिंगांचाही प्रकार निराळा. आत हाडाचा खुंट, त्यावर आपल्या नखासारख्या द्रव्याची फाटा फुटलेली खोळ, आणि ही खोळ दरवर्षी गळून नवी येते.

वेग ताशी 85 ते 90 किलोमीटर. त्याला गाठेल असा एकही शिकारी प्राणी आज त्या खंडात नाही. मग एवढं पळायचं कारण काय? एक प्रसिद्ध तर्क असा, की हिमयुगाच्या अखेरीपर्यंत तिथे चित्त्यासारखी मांजरं होती आणि हा वेग त्यांच्या काळातला आहे. ती मांजरं गेली, वेग राहिला. आज ज्या संकटांनी त्याला घेरलंय, त्यांतल्या एकापुढेही हा वेग कामाचा नाही.

आधी इतिहास, थोडक्यात. गोऱ्या वसाहती पश्चिमेकडे सरकण्याआधी प्रॉन्गहॉर्न कोट्यवधींच्या संख्येत होते असं मानलं जातं. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बेसुमार शिकार झाली, कुरणं गेली, आणि 1920 च्या दशकात केलेल्या गणतीत अख्ख्या उत्तर अमेरिकेत उरले तीस हजारांच्या आसपास. राज्यांनी शिकार बंद केली, नेवाडा आणि ओरेगॉनमध्ये खास राखीव क्षेत्रं झाली, काही ठिकाणी पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. 1980 च्या दशकात आकडा दहा लाखांपर्यंत पोहोचला. वन्यजीव संरक्षणातल्या मोठ्या यशोगाथांमध्ये ही मोजली जाते आणि त्यात शिकाऱ्यांचा पैसा मोठा होता. त्यांना या प्राण्याबद्दल वाटणारी मालकीची भावना त्यातूनच आली आहे.

गणित पाडसांचं आहे

कळप वाढतोय की घटतोय, हे वन्यजीव खातं कसं ठरवतं? एकूण डोकी मोजणं अवघड असतं, म्हणून एक साधं प्रमाण बघतात: उन्हाळ्याच्या अखेरीस दर शंभर माद्यांमागे किती पाडसं दिसतात. प्रॉन्गहॉर्न मादीला बहुतेक वेळा जुळी होतात, मे अखेर ते जून या दिवसांत. म्हणजे शंभर माद्यांमागे दीड-दोनशे पाडसं जन्मतात. पहिल्या काही आठवड्यांत कायोटी, म्हणजे तिकडचे कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी, त्यांतली पुष्कळ उचलतात. काही उपासमारीने, काही थंड पावसाने जातात. ऑगस्टमध्ये जी उरतात ती मोजायची.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. शंभर माद्यांमागे सत्तर पाडसं उरली. त्यांतल्या निम्म्या, म्हणजे पस्तीस, माद्या. हिवाळ्यात त्यांतल्या दहा मेल्या, पंचवीस राहिल्या. त्याच वर्षात मोठ्या शंभर माद्यांपैकी म्हातारपण, गाड्या, हिवाळा वगैरेंनी पंधरा गेल्या. पंचवीस आल्या, पंधरा गेल्या: दहा वरकड. या दहा शिकाऱ्यांनी टिपल्या तरी कळप तेवढाच राहतो. मादी आणि पाडसांसाठीचे परवाने, ज्यांना तिथे 'डो-फॉन टॅग' म्हणतात, ते याच वरकडीवर निघतात.

आता सत्तरच्या जागी पंचेचाळीस धरा. बावीस-तेवीस माद्या, हिवाळ्यानंतर पंधरा. पंधरा आल्या, पंधरा गेल्या. वरकड शून्य. एकही गोळी न झाडता कळप जेमतेम टिकून आहे आणि एखादा कडक हिवाळा आला की तो खाली येणार. वायोमिंगच्या अनेक कळपांचं नेमकं हेच झालंय. हिवाळा मोठ्या मथळ्यांत येतो, पण पाडसांचं प्रमाण त्याआधी कित्येक वर्षं हळूहळू घसरत होतं.

यात नर का धरले नाहीत? कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. नर मर्यादेत टिपले तर पुढच्या वर्षीच्या पाडसांच्या संख्येवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून घसरणीच्या काळात खातं आधी मादीचे टॅग उडवतं, नरांचे शक्य तेवढे ठेवतं. गावातल्या बारमध्ये यावर वाद झडतात, "टॅग काढले म्हणून कळप संपला" वगैरे. मादीचे टॅग वेळेत कमी केले नाहीत तर हा आरोप थोडा खराही ठरतो. पण पाडसं का जगत नाहीत, हा प्रश्न त्या वादात येतच नाही.

तो हिवाळा

2022-23 चा हिवाळा लवकर आला आणि उशिरापर्यंत हलला नाही. बर्फ नुसता खोल नव्हता, वर कडक पापुद्रा धरलेला होता. प्रॉन्गहॉर्न हिवाळ्यात मुख्यतः सेजब्रश या झुडपावर जगतो. ही झुडपं बर्फाखाली गेली की खूर मारून ती उकरायची, आणि त्यात मिळते त्याहून जास्त ताकद खर्च होते. हे प्राणी चाळीस-पन्नास किलोंचे, अंगावर चरबी बेताची. शतकानुशतकांचा त्यांचा उपाय एकच होता: चालत राहायचं, बर्फ कमी असेल तिथपर्यंत.

पाइनडेल गावाजवळच्या खोऱ्यात हिवाळा काढणाऱ्या सब्लेट कळपात आधी चाळीस हजारांहून जास्त प्रॉन्गहॉर्न होते. निम्म्याहून अधिक गेले. त्यातच मायकोप्लाझ्मा बोव्हिस नावाच्या जिवाणूची साथ आली. हा मुळात गाई-गुरांच्या फुप्फुसाचा रोग. वायोमिंगमध्ये प्रॉन्गहॉर्न त्याने मेल्याचं पहिल्यांदा 2019 मध्ये, राज्याच्या ईशान्येला गिलेटजवळ आढळलं होतं. 2023 च्या सुरुवातीला तो पाइनडेलच्या दक्षिणेला दिसला आणि अशक्त, दाटीवाटीने उभ्या असलेल्या जनावरांत न्यूमोनियाने शेकडो मेली. रानातल्या कळपावर त्याचा इलाज नाही. त्या वसंतात वायोमिंगने प्रॉन्गहॉर्नचे हजारो टॅग कमी केले.

तार

प्रॉन्गहॉर्न कुंपणावरून उडी मारत नाही. मारू शकत नाही असं नव्हे, पण हजारो वर्षं उघड्या माळावर राहिलेल्या प्राण्याला उडी मारायची सवयच नाही. तो तारेखालून सरपटतो. खालची तार जमिनीपासून चाळीसेक सेंटिमीटर वर असेल आणि बिनकाट्याची असेल तर जातो, थोडा वेळ घेतो, पण जातो. ती खाली असेल, किंवा मेंढ्यांसाठी लावतात तशी जाळी असेल, तर तिथेच अडतो. पाठीचे केस काट्यांनी खरवडून निघालेले प्रॉन्गहॉर्न तिकडे नेहमी दिसतात आणि कडाक्याच्या थंडीत ती उघडी कातडी जीवावर बेतू शकते.

पश्चिम वायोमिंगमध्ये गळ्यात जीपीएस पट्टे बांधून केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की एक प्रॉन्गहॉर्न वर्षाला सरासरी सुमारे अडीचशे वेळा कुंपणाला सामोरा जातो आणि त्यांतल्या साधारण 40 टक्के वेळा त्याला वाट बदलावी लागते, मागे फिरावं लागतं किंवा तारेच्या कडेने येरझाऱ्या घालाव्या लागतात. या येरझाऱ्यांची किंमत चरबीत मोजायची. आणि आय-80 तर अख्ख्या राज्याला पूर्व-पश्चिम कापून गेलेला. दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये ट्रकची न संपणारी रांग. उत्तरेचे कळप हिवाळ्यात दक्षिणेला सरकायला निघाले की इथे येऊन थांबतात.

कुंपणावरून एक खटला झाला होता, तो शिकाऱ्यांनी मुळातून वाचण्यासारखा आहे. वायोमिंगच्या दक्षिण भागात जमिनीची मालकी बुद्धिबळाच्या पटासारखी आहे: एक चौरस मैल खासगी, शेजारचा सरकारी, पुन्हा खासगी. 1860 च्या दशकात रेल्वे टाकणाऱ्या कंपनीला एकाआड एक तुकडे दिले गेले, त्याचा हा वारसा. 1983 मध्ये रॉलिन्स गावाजवळ रेड रिम या भागात एका पशुपालकाने सुमारे 28 मैलांचं जाळीचं कुंपण घातलं. खांब आपल्याच जमिनीत, पण त्या वेढ्यात सरकारी चौकोनही अडकले. ती प्रॉन्गहॉर्नची हिवाळ्यातली कुरणं होती. कळप कुंपणाला येऊन भिडले आणि तिथेच उपाशी मरू लागले. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1988 मध्ये फेडरल अपील न्यायालयाने 1885 च्या एका कायद्याचा आधार घेऊन निकाल दिला, की सरकारी जमिनीला असा वेढा घालता येत नाही. कुंपण काढा, नाहीतर जनावरांना जाता येईल असं बदला.

पुढची गंमत 2025 मधल्या एका निकालाची. वायोमिंगमध्येच एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला आलेल्या चौघांनी त्याआधी दोन सरकारी चौकोनांच्या कोपऱ्यावरून, शिडी लावून, खासगी जमिनीला पाय न लावता पलीकडे पाऊल टाकलं. जमीनमालकाने दावा ठोकला. त्याच अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि आधार घेतला तो 1988 च्या या प्रॉन्गहॉर्न खटल्याचा. प्रॉन्गहॉर्नसाठी उघडलेल्या वाटेने माणसंही गेली. सरकारी जमिनीवर पोहोचता येईना म्हणून वैतागलेल्या शिकाऱ्यांना हा निकाल मोठाच आहे.

कुंपणाखेरीज बाकी गोष्टी थोडक्यात सांगता येतील, कारण त्या सगळ्यांचा रोख एकाच दिशेला आहे: सेजब्रशचा माळ आक्रसतोय. पाइनडेल भागात नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि त्यांना जोडणारे रस्ते वाढले, प्रॉन्गहॉर्न त्यांच्यापासून दूर राहू लागले. कुठे ज्युनिपरची झाडं माळावर चढतायत. युरोप-आशियातून आलेलं चीटग्रास नावाचं गवत उन्हाळ्यात लवकर वाळतं आणि भडकतं. सेजब्रश आगीनंतर सहजासहजी परत येत नाही, चीटग्रास मात्र येतं. वायोमिंगच्या कळपांच्या काही दशकांच्या नोंदी तपासणाऱ्या संशोधनात पाडसांचं प्रमाण घसरण्याचा संबंध तेल-वायू प्रकल्पांशी आणि वाढत्या झाडोऱ्याशी लागला. दुष्काळात मादीला दूध कमी येतं. चिलटांसारख्या बारीक माशीच्या चाव्यातून पसरणारे ब्लूटंगसारखे रोग आहेतच.

शिकाऱ्याच्या पदरात काय

वायोमिंगमध्ये मनात आलं आणि प्रॉन्गहॉर्न मारला, असं होत नाही. राज्याचे शिकार-विभाग पाडलेले आहेत. प्रत्येक विभागात किती टॅग, हे खातं दरवर्षी ठरवतं. अर्ज करायचा, सोडत निघते. नरासाठीचा साधा टॅग स्थानिकाला चाळीस डॉलरच्या आत पडतो, बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला सव्वातीनशे डॉलर. पहिल्या सोडतीत बाहेरच्यांच्या वाट्याला टॅगचा पाचवा हिस्सा असतो. त्यातले तीन चतुर्थांश 'प्रेफरन्स पॉइंट' जास्त असलेल्यांना जातात, उरलेले निव्वळ नशिबावर. सोडतीत नाव आलं नाही की पॉइंट विकत घेता येतो आणि ते साठत जातात.

टॅग घटले की इथे गुंता सुरू होतो. समजा, एखाद्या विभागात पूर्वी दोन पॉइंटांवर टॅग मिळत होता. टॅग निम्मे झाले. दोन पॉइंटवाले मागे राहिले, पुढच्या वर्षी त्यांचे तीन झाले. त्यांच्यामागून नवे दोनवाले आले. आता तीनवाल्यांनाही खात्री नाही. उंबरठा दरवर्षी सरकत राहतो आणि नवशिक्या शिकाऱ्याला तो गाठताच येत नाही. प्रॉन्गहॉर्न ही पश्चिमेतली शिकण्याची शिकार मानली जायची. माळ उघडा, जनावर दिवसा दिसणारं, टॅग सहज. बापाने मुलीला पहिल्यांदा न्यायचं ते याच शिकारीला, बहुधा स्वस्तातला डो-फॉन टॅग घेऊन. नेमके तेच टॅग आधी गेले.

ज्यांना टॅग मिळतो त्यांनाही फरक जाणवतो. मोठी शिंगं हवी असतील तर एक लक्षात ठेवावं: खोळ दरवर्षी नव्याने वाढते आणि तिच्या वाढीचा मोठा काळ हिवाळ्यात येतो. कडक हिवाळ्यातून वाचलेल्या नराची शिंगं त्या वर्षी आखूड राहू शकतात. शिवाय कडक हिवाळ्यात पाडसांची एक पिढी जवळपास नाहीशी होते. त्या पिढीचे नर तीन-चार वर्षांनी, ऐन भरात यायच्या वेळी, माळावर नसतात. म्हणून 2023 चा खड्डा शिंगांच्या हिशेबात त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत भोवतो.

मग पैसा. राज्याचं वन्यजीव खातं मोठ्या प्रमाणावर परवान्यांच्या शुल्कावर चालतं. दुसरा ओघ 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा: बंदुका आणि काडतुसांवर 10 ते 11 टक्के कर, तो राज्यांना क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येनुसार वाटला जातो. म्हणजे टॅग कमी, तर शुल्क कमी. शिकारी कंटाळून सुटले, तर केंद्राचा वाटाही कमी. आणि हे सगळं नेमकं अशा वेळी, जेव्हा कुंपणं बदलायला, रोगाचे नमुने तपासायला, विमानातून कळप मोजायला जास्त पैसा लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात भरणारे मोटेल, शिकार सोलून-कापून देणारी दुकानं, वाटाड्ये यांचं नुकसान वेगळं.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला प्रश्न पडणार: घटतायत म्हणता, मग सरळ बंदी का नाही? आपल्याकडे 1972 च्या कायद्याने काळविटाला संरक्षण मिळालं. रेहेकुरी, नान्नजसारख्या ठिकाणी माळरान राखलं गेलं, आणि सोलापूर-नगरकडचा शेतकरी आज काळविटांनी पीक खाल्ल्याची तक्रार करतो, तिथवर ते टिकले. तिकडची पद्धत वेगळी. जनावर लोकांच्या वतीने राज्याच्या ताब्यात असतं आणि त्याच्या राखणीचा खर्च शिकारीतून निघतो. ती आपल्याला पटायलाच हवी असं नाही. पण त्या पद्धतीत बंदी आणली तर ज्याच्या खिशातून राखण होते तोच बाहेर पडतो आणि तार तशीच राहते. जिथे संख्या अगदीच टोकाला गेली तिथे शिकार बंदच आहे. अ‍ॅरिझोनातल्या सोनोरन प्रॉन्गहॉर्नची संख्या 2002 च्या दुष्काळात 21 वर आली होती. तिथे बंदिस्त पैदास करून त्यांना वाढवावं लागलं. वायोमिंगची स्थिती त्याच्या जवळपासही नाही.

उपाय काय चालतात, हे बऱ्यापैकी माहीत आहे. पाइनडेलच्या पश्चिमेला ट्रॅपर्स पॉइंट नावाची चिंचोळी जागा आहे. ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानाकडून येणारे प्रॉन्गहॉर्न किमान सहा हजार वर्षं तिथून जात आले आहेत, हे उत्खननातल्या हाडांवरून कळतं. 2012 मध्ये तिथे महामार्गावर प्राण्यांसाठी दोन पूल आणि सहा भुयारी मार्ग बांधले. प्रॉन्गहॉर्न पुलावरून जातात, भुयार शक्यतो टाळतात. उघड्या माळाच्या जनावराला बोगदा कसा रुचावा? गाड्यांच्या धडकांचं प्रमाण तिथे फार मोठ्या प्रमाणात खाली आलं. अशा पुलांना कोट्यवधी डॉलर लागतात. कुंपणाची खालची काटेरी तार काढून गुळगुळीत तार वर बांधायला मात्र शनिवार-रविवारचे चार स्वयंसेवक आणि पक्कड पुरते. शिकाऱ्यांच्या संघटना हे काम करतात, आणि पशुपालकाशी ओळख व्हायलाही त्याहून चांगली संधी नाही. पुढे त्याच्या जमिनीवर शिकारीची परवानगी मागायची वेळ येतेच.

हा प्राणी सावरू शकतो, आणि लवकर. जुळी देणाऱ्या माद्यांना लागोपाठ दोन-तीन सौम्य हिवाळे आणि ओले वसंत मिळाले तर कळप वेगाने भरून येतो. तेव्हा टॅगही वाढतील आणि बहुतेक लोक समाधान मानतील. अर्ज भरणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. खातं दरवर्षी कळपनिहाय अहवाल प्रसिद्ध करतं. त्यात एकूण संख्येच्या रकान्याआधी शंभर माद्यांमागे पाडसांचा रकाना बघावा, तोही पाच-सहा वर्षांचा एकत्र. चांगल्या हिवाळ्यानंतरही तो आकडा वर येत नसेल, तर त्या विभागात वाढलेले टॅग फार दिवस टिकणार नाहीत. पॉइंट साठवायचे असतील तर दुसरा विभाग बघितलेला बरा.